थांबवलेले हात

आमच्या कॉलेजात बोलणाऱ्यांची कधी कमतरता नव्हती. ऐकायला मी होते.

लायब्ररीत अटेंडंट म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. शिक्षण सातवी. पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता जेवढं वाचलं तेवढंच माझं कॉलेज. आणि तरीसुद्धा रोह्याच्या त्या कॉलेजातलं एकही मोठं भाषण आधी माझ्या कानावरून गेल्याशिवाय हॉलमध्ये गेलं नाही. माझं कौतुक म्हणून नाही सांगत मी हे. ही सगळी करणी घरत सरांची. आणि शेवटी मी त्यांच्याशीच जे केलं ते मला सांगायचंय, म्हणून आधी माणूस कसा होता ते सांगते.

सर भूगोल शिकवायचे. गाव पेणच्या खाडीकडचं, वडील मिठागरावर कामाला, आई शेतावर. सरांनी पुढं पेणला घर केलं आणि तिथून रोज गाडीनं रोह्याला यायचे. बुटके, काळेसावळे, अंगात कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. वरच्या खिशात खडूचे तुकडे ठेवायची सवय, त्यामुळं खिसा गुलाबी-निळा. वर्गात बोलायला लागले की एकदम पुस्तकी, शुद्ध. आणि तेवढ्यात घरून फोन आला की, "व्हय गो, साडेपाचची हाय गाडी. नाय गो, मासळी नको, काल झाली ना." फोन खिशात टाकला की पुन्हा, "तर विद्यार्थिमित्रहो, भरतीची दोन कारणं." मुलं हसायची. सरही हसायचे. आपल्याला दोन तोंडं आहेत ह्याची त्यांना लाज नव्हती, असं मी तेव्हा समजत होते.

सरांना वेड एकच. माणसानं उभं राहून नीट बोललं पाहिजे. कॉलेजात चर्चासत्र असलं की सर शेवटच्या रांगेत, दाराकडच्या खुर्चीवर. बोलणाऱ्याकडं कमी बघायचे, लोकांच्या पायांकडं जास्त. मला म्हणायचे, "शालूताई, ऐकणारा कंटाळला की आधी घड्याळ नाय बघत. खुर्चीखाली पायानं चप्पल शोधतो. किती पाय हलले ते मोजलं की भाषणाचा निकाल कळतो." नवीन प्राध्यापकांना सांगायचे, "पडद्यावर लिहिलंय तेच वाचून दाखवायचं असेल तर तुम्ही घरी रहा आणि पडद्याला पाठवा." आणि, "वीस मिनिटं दिलीत ना, मग सोळाचं आणा. उरलेली चार तुमची नाहीत. ती माइकची, खोकल्याची आणि ज्याला काहीतरी विचारायचंय त्याची."

आता ह्यात मी कशी आले ते सांगते.

माझे मालक धाटावला कंपनीत होते. त्यांची दुसरी शिफ्ट असली की संध्याकाळचं मला घाईचं व्हायचं नाही, पण पहिली असली की चारला घरी येऊन ते जेवायला मागणार. मग मी काय करायची, मोड आलेले वाल डब्यात पाणी घालून कॉलेजातच आणायची आणि मधल्या सुट्टीत लायब्ररीच्या मागच्या खोलीत सोलत बसायची. घरी गेलं की फोडणी दिली, बिरडं तयार. वालाची सालं काढायला डोळे लागत नाहीत. बोटं आपली आपण चालतात.

त्या वर्षी केमिस्ट्रीला कुलकर्णी मॅडम नवीन आल्या होत्या. त्यांना पुण्याला जाऊन परिषदेत बोलायचं होतं. सर त्यांना घेऊन थेट माझ्या त्या मागच्या खोलीत आले.

"ह्या शालूताई," सर म्हणाले. "ह्यांच्यासमोर बोला."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. "सर, यांना केमिस्ट्री कळते?"

"नाय कळत. म्हणून तर आणलंय तुम्हाला इथं."

मी उठायला लागले, तर सर म्हणाले, "उठू नका ताई, तुमचं काम चालू द्या." आणि मॅडमना म्हणाले, "ह्यांच्या हातांकडं लक्ष ठेवा. हात थांबले की तुमचं भाषण सुरू झालं असं समजा. तोवर ती नुसती तयारी."

मॅडम बोलायला लागल्या. खारी हवा, लोखंड, आणि पुढं काय काय. मी आपली सोलतेय. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा डबा रिकामा झाला. मॅडमना रडू यायचं बाकी होतं. शेवटी वैतागून त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो ताई, म्हणजे ही तुमच्या खिडकीची जाळी बघा. वरून रंग दिलाय, आत लोखंड उरलेलंच नाही. नुसता रंग उभा आहे."

मी जाळीकडं बघितलं. सव्वीसातली तेरा वर्षं मी त्या जाळीला टेकून बसलेली. बोट लावलं तर बोट आरपार गेलं.

"थांबले," सर म्हणाले. "मॅडम, पुण्याला इथून सुरू करा."

मॅडम पुण्याहून आल्या त्या माझ्यासाठी बाकरवडी घेऊन. आणि तेव्हापासून ही पद्धतच पडली. कोणाचं काही असलं की सर त्याला माझ्याकडं आणायचे, स्वतः माझ्या पाठीमागं भिंतीला टेकून उभे राहायचे, आणि मी सोलत ऐकायची. सर कधी मला "कसं वाटलं" म्हणून विचारायचे नाहीत. हात बघायचे. हात जिथं थांबले तिथं समोरच्याच्या कागदावर पेन्सिलीनं रेघ मारायचे. रेघेच्या वरचं सगळं, म्हणायचे, आता विसरा.

एकदा तर प्राचार्यांनाच आणलं. साहेबांना पालकांसमोर बोलायचं होतं. मी घाबरले. साहेब बोलले, चांगले अर्धा तास बोलले. माझा डबा संपला. मग मला दोन जांभया आल्या. साहेबांनी विचारलं, "काय शालूबाई, झोप येतेय?"

माझ्या तोंडून गेलं, "साहेब, पहिली जांभई मालकांच्या पहाटेच्या शिफ्टची हाय. दुसरी तुमची."

मग माझ्या पाठीमागून सरांचं हसू ऐकू आलं. "बघा साहेब," सर म्हणाले. "सगळ्या कॉलेजात तुमच्याशी खोटं न बोलणारं हे एकच माणूस आहे. जपून ठेवा." साहेबही मग हसले. भाषण त्यांनी निम्म्यावर आणलं.

ते वाक्य मी बरीच वर्षं दागिन्यासारखं मिरवलं. घरी सांगितलं, बहिणीला सांगितलं. आता ते आठवलं की नकोसं होतं.

एक मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना बोलायला शिकवणारे सर स्वतः कधीच बोलायला उभे राहिले नव्हते. वर्गात शिकवायचे ते वेगळं. पण चर्चासत्रात, मोठ्या लोकांसमोर, कधीच नाही.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मुंबईच्या विद्यापीठातली मंडळी आमच्या कॉलेजात येणार होती, खाडीकाठच्या जगण्यावर दिवसभराचं चर्चासत्र. त्यांच्यातल्या एक बाई त्यावर पुस्तक काढणार होत्या. ज्याचं आवडेल त्याचं पुस्तकात. आणि छापलेल्या यादीत सरांचं नाव. तेव्हा कळलं की सर वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी खाडीकडच्या गावागावांतून हिंडत होते. समुद्राचं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून तिकडं मातीचे लांबच लांब बांध घालतात. ते बांध कसे घातले, कोणी राखले, कधी फुटले, ह्याचं सगळं टिपण त्यांच्याकडं होतं. कोणाला काही बोलले नव्हते.

चर्चासत्राच्या आठवडाभर आधी सर मागच्या खोलीत आले. एकटेच. अंगात पूर्ण बाह्यांचा नवा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खिशात खडू नाही. हातात टाइप केलेले कागद.

"शालूताई, वाल आणलेत ना आज?"

"व्हय सर."

सर भिंतीला टेकले नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "आदरणीय व्यासपीठ, आयोजकांचे मी मनःपूर्वक आभार मानतो." मला वाटलं गंमत करतायत. आभारांनी सुरुवात केली म्हणून त्यांनी किती जणांना परत पाठवलं होतं. मी हसणार होते, तेवढ्यात बघितलं तर त्यांनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

मग व्याख्या आल्या. कुठल्या साहेबानं काय म्हटलंय, कुठल्या वर्षी कुठला कायदा झाला. पान संपलं की सर मान वर करायचे आणि माझ्या हातांकडं बघायचे. माझी बोटं आपली चाललेली. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. दुसऱ्यानंतर सरांनी हातांकडं बघितलं आणि पटकन खाली बघितलं. परीक्षेत शेजारच्यानं पुरवणी मागितली की मुलं बघतात ना, तसं. तिसऱ्या पानावर मला ते बघवेना. मी हात मांडीवर ठेवले.

थांबले नाहीत. मी थांबवले.

सरांचा चेहरा उजळला. आवाज चढला. पुढची सगळी पानं ते भराभर वाचत गेले आणि मी मांडीवर हात ठेवून बसले, देवळात बसतात तशी. डोक्यात चाललं होतं की चारला मालक येणार आणि वाल अजून निम्मे बाकी.

मग शेवटचं पान आलं. ते पान वाचताना सरांचा आवाज एकदम खाली आला, घरी फोनवर बोलतात तसा. सर सात वर्षांचे होते. दिवसाढवळ्या, उधाणाच्या भरतीला, गावच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध तुटून मोठी वाट झाली आणि पाणी आत शिरायला लागलं. पुरुष सगळे मिठागरावर, लांब. गावात बायका. अकरा बायका त्या खांडीत उतरल्या. छातीएवढ्या पाण्यात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या आणि मागून पोरीबाळींनी चिखलाचे गोळे हातोहात पुढं दिले. सरांची आई सगळ्यांत पुढं. खांड बुजली तेव्हा आई वर आली, अंगभर चिखल, आणि पहिलं काय बोलली, तर "माझं आधण चुलीवर हाय गो, कोणीतरी बघा."

सरकारच्या कागदात बांध राखणारे म्हणून सगळी पुरुषांची नावं आहेत, सर म्हणाले. ह्या अकरा जणींचं नाव कुठं नाही. त्यांनी ती नावं विचारून विचारून मिळवली होती. आणि सरांनी ती अकरा नावं एकेक करून वाचली.

माझे हात खरे थांबले ते तेव्हा. पण ते तर आधीच मांडीवर होते. सरांना कसं कळणार?

"कसं झालं?" सरांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हा प्रश्न विचारला होता.

"छान झालं, सर."

"लांबलं नाय ना?"

"नाय."

"ते शेवटचं पान जरा घरगुती आहे. मोठी माणसं येणार, म्हणून मागं टाकलंय. काढूनच टाकू का?"

"नको सर, राहू दे."

एवढं एक बरं सांगितलं. 'ते पुढं आणा, तिथून सुरू करा,' हे जिभेवर होतं, सांगितलं नाही. का नाही सांगितलं ह्याचा मी फार विचार केलाय. सरांनी कागद घट्ट धरला होता म्हणून, नवा शर्ट होता म्हणून, मला घाई होती म्हणून. हे सगळं आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. प्राचार्यांना मी खरं बोलू शकले कारण तेव्हा सर माझ्या पाठीमागं उभे होते. त्या दिवशी सर समोर होते आणि माझ्या पाठीमागं नुसती भिंत होती. सातवी शिकलेली बाई, भूगोलाच्या प्राध्यापकाला मी काय सांगणार, असं मला त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं. आणि सरांचंही तेच झालं असणार. मिठागरावरच्या माणसाचा मुलगा, विद्यापीठाच्या लोकांसमोर आपल्या आईचा चिखल कसा दाखवायचा. दोघंही एकाच भीतीनं गप्प बसलो. पण मी निदान त्यांना तिच्यातून बाहेर काढू शकले असते. ते काम त्यांनीच मला दिलं होतं.

चर्चासत्राच्या दिवशी मी हॉलच्या दारात पाण्याच्या ट्रेजवळ उभी होते. सरांची पाळी जेवणाआधीची. बाहेर मंडपात पुऱ्या तळायला घेतल्या होत्या, वास आत येत होता. सर व्याख्यांवर होते तेव्हा पहिली घंटा वाजली. मी लोकांच्या पायांकडं बघितलं. सगळे पाय चप्पल शोधत होते. दुसरी घंटा वाजली तेव्हा सर कायद्यावर होते. अध्यक्ष म्हणाले, "सर, आता आवरतं घ्या." सरांनी शेवटचं पान काढायला कागद चाळले. सापडेना. दोन कागद खाली पडले. ते उचलले, पुन्हा चाळले. मग माइककडं तोंड करून म्हणाले, "एवढंच." आणि उतरले.

टाळ्या झाल्या, जेवणाआधी होतात तेवढ्या. पुस्तक काढणाऱ्या बाईंनी दुपारी चौघापाचजणांचे कागद मागून घेतले. सरांच्या टेबलाजवळून त्या गेल्या, नमस्कार केला, पुढं गेल्या.

संध्याकाळी सर लायब्ररीत येऊन बसले. मी चहा दिला.

"शेवटचं पान राहिलं, ताई."

"वेळच कमी दिला त्यांनी," मी म्हटलं.

"वेळ सगळ्यांना वीसच मिनिटं होता," सर म्हणाले. बशीत चहा ओतून प्याले आणि साडेपाचच्या गाडीला गेले. त्यांना त्याच वेळी कळलं असणार. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचे पाय मोजले त्याला माझे हात कळले नसतील, असं नाही होत. महिनाभरात निवृत्त झाले. मला साडी दिली, प्राचार्यांनी त्यांना शाल दिली.

सर गेल्याला आता दोन वर्षं होतील. बातमी कळली तशी मी पेणला गेले. वहिनी, सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "गेल्या वर्षी वाचनालयात एकदा बोलले हो. तेच बांधाचं. तिथंबी पुरं नाय झालं. लोकं उठायला लागली, मग थांबले. घरी आले ते म्हणाले, शेवटचं पान दोनदा घेऊन गेलो, दोनदा घेऊन आलो." मी त्या कागदांचं विचारलं. घराला रंग दिला तेव्हा मुलानं जुनी कागदपत्रं सगळी रद्दीत दिली होती. त्याला काय माहीत.

अकरा नावं मी एकदा कानांनी ऐकलीत. चार आठवतात. बाळीबाई, म्हणजे सरांची आई. ठमी. गोमाबाई. आणि एक हिरा, तिचं लग्न व्हायचं होतं. बाकीच्या सात जणी माझ्यामुळं गेल्या. खूप ताण दिला डोक्याला, येत नाहीत.

वहिनी सांगत होत्या तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. वाचनालयात तसं का झालं ते त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. कारण त्याच्या चार दिवस आधी सर मला भेटले होते. तीच आमची शेवटची भेट.

माझी धाकटी बहीण कासूला दिलीय. तिच्याकडून निघून मी कासू स्टेशनावर रोह्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. त्याआधी पेणकडं जाणारी गाडी आली. फारसं कोणी नव्हतं गाडीत. खिडकीतून हाक आली, "शालूताई." बघते तर सर. वाळले होते. शर्ट अर्ध्या बाह्यांचा.

"इकडं कुठं?"

"बहिणीकडं आले होते. तुम्ही?"

"पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली होती म्हणं. कॉलेजात जाऊन आलो." मग खिडकीच्या गजांवर हात ठेवून पुढं वाकले. "रविवारी पेणला वाचनालयात बोलायचंय. त्यांनी अर्धा तास दिलाय. तुमच्याकडं येणारच होतो विचारायला, बरं झालं भेटलात."

"काय विचारायचंय, सर?"

"त्या दिवशी मागच्या खोलीत तुमचं लक्ष कुठल्या पानावर सुटलं?"

हसत विचारलं. राग नव्हता, काही नव्हतं. शर्टाचं माप विचारावं तसं विचारलं. माझ्याकडं उत्तर तयार होतं. वर्षभर तयार होतं. आणि माझं तोंड म्हणालं, "नाय सर, माझं लक्ष कुठं सुटलं. सगळंच छान होतं."

सर म्हणाले, "बरं." आणि खिडकीतून हात आत घेतला.

गाडी हलली. दोन हात पुढं सरकली असेल, तेव्हा माझं मलाच कसं झालं काय माहीत, मी पिशवी तिथंच टाकली आणि गाडीबरोबर चालायला लागले. "सर, तिसऱ्या पानावर," मी म्हटलं. "दुसऱ्याच पानावर, खरं तर. शेवटचं पान आधी वाचा, सर. तुमच्या आईपासून सुरू करा."

सरांनी कानामागं हात धरला, डोकं खिडकीला टेकवलं. गाडीचा आवाज होता. मी परत ओरडून सांगितलं, आईपासून, आईपासून सुरू करा. सर हसले आणि त्यांनी मान हलवली. ऐकू आलेलं नसतं, पण समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारून त्रास नको म्हणून माणूस हलवतो ना, तशी. दोनदा. मग गाडी पुढं गेली.